पुन्हा एकदा मसोते!

जुने सुती लुगडे विरले की त्याचे तुकडे करून ठेवायचे, हा मराठी घरांतील एके काळचा शिरस्ता. मऊ तुकड्यांची तान्ह्या बाळासाठी दुपटी होत, काही तुकडे गोधडीत जात, ओट्यासाठी मसोते निघे आणि अगदी शेवटी उरलेल्या चिंध्यांचे पोतेरे होई. आता अनेक शहरी घरांत ओट्यावर कागदी रोल, जेवणाच्या टेबलावर कागदी रुमाल आणि गाडीत टिश्यूचे खोके दिसते. ही सोय मोठी आहे, यात शंका नाही. मात्र चौघांच्या कुटुंबाने दोन्ही जेवणांना माणशी एकच कागदी रुमाल वापरला, तरी वर्षाला २,९२० रुमाल कचऱ्यात जातात. म्हणूनच कापडाकडे परतण्याचा विचार करताना आधी या कागदाचे पुढे काय होते, हे पाहायला हवे.

कागदाचा शेवटचा मुक्काम

अमेरिकेत १९२४ मध्ये ‘क्लीनेक्स’ बाजारात आले ते चेहऱ्यावरील कोल्ड क्रीम पुसण्यासाठी. नाक पुसण्याचा कागदी रुमाल ही त्याची ओळख नंतरची. घरातील वर्तमानपत्राची रद्दी विकली जाते आणि तिचा पुन्हा लगदा होतो. दर फेरीत त्यातील तंतू आखूड होत जातात. टिश्यू हा या प्रवासाचा शेवटचा मुक्काम. वापरलेल्या टिश्यूपासून पुन्हा कागद होत नाही. उलट ओला, खरकटा कागद सुक्या कचऱ्यात पडला, की त्यातील चांगला कागदही खराब होतो आणि तो वेचून विकणाऱ्याचे नुकसान होते. स्वयंपाकघरातील रोल ओला होऊनही फाटू नये म्हणून त्यात रेझिन मिसळलेले असते. त्यामुळे तो पाण्यात सहज विरघळत नाही आणि शौचालयात टाकल्यास नळ तुंबू शकतो.

महाराष्ट्रात २०१८ मध्ये प्लास्टिकबंदी लागू झाली. पुढे १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या काही प्लास्टिक वस्तूंवर देशभर बंदी आली. ‘प्लास्टिक नको, कागद चालेल’ अशी समजूत त्यातून बळावली. पण एकदा वापरून फेकण्याची सवय कायम राहिली, तर केवळ वस्तू बदलते, कचरा नव्हे.

नवे नको, जुनेच हवे

कापड म्हणजे आपोआप पर्यावरणस्नेही, असेही नाही. एक किलो सुती कापड तयार होण्यासाठी जागतिक सरासरीने सुमारे १० हजार लिटर पाणी लागते. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने २०११ मध्ये पिशव्यांचा तुलनात्मक अभ्यास प्रसिद्ध केला. एकदाच वापरलेल्या पातळ प्लास्टिक पिशवीशी तापमानवाढीच्या बाबतीत बरोबरी साधण्यासाठी सुती पिशवी किमान १३१ वेळा वापरावी लागते, असा त्याचा निष्कर्ष होता. कापडाचे मोल त्याच्या वापरात आहे, हा त्यातील बोध. म्हणून दुकानातून नक्षीदार नॅपकिनांचा संच आणण्यापेक्षा कपाटातील जुनी साडी, पंचा किंवा चादर काढणे अधिक शहाणपणाचे.

साडेपाच मीटरच्या सुती साडीतून ३५ सेंटीमीटरचे चाळीसहून अधिक चौकोन निघतात. कापड निव्वळ सुती असावे. पॉलिस्टर पाणी नीट शोषत नाही. खळ पूर्ण निघेपर्यंत साडी धुवावी. कोऱ्या कापडापेक्षा अनेकदा धुतलेले कापड अधिक टिपते. धुताना कपडे मऊ करणारे द्रावण मात्र टाळावे, कारण त्याचा थर शोषणशक्ती कमी करतो.

स्वच्छतेचे काय?

कापडाबाबतचा सर्वांत रास्त आक्षेप स्वच्छतेचा आहे. मॉरिशस विद्यापीठातील संशोधकांनी २०१८ मध्ये महिनाभर वापरलेली स्वयंपाकघरातील १०० फडकी तपासली, तेव्हा ४९ फडक्यांत जिवाणूंची वाढ आढळली. ओलसर राहणाऱ्या आणि एकाच वेळी अनेक कामांना वापरल्या जाणाऱ्या फडक्यांत धोका अधिक दिसला. यावर उपाय साधे आहेत. ओटा, भांडी आणि हात यांसाठी वेगवेगळ्या रंगांची फडकी ठेवावीत. ओटा पुसण्याचे फडके रोज बदलावे. वापरलेली फडकी साबण आणि कडक गरम पाण्याने धुऊन उन्हात वाळवावीत. पावसाळ्यात ती वाळत नसतील, तर पंख्याखाली वाळवून इस्त्री फिरवावी. दमट फडक्यांची चळत लावू नये.

काही ठिकाणी कागदच बरा. सर्दी-खोकल्याच्या साथीत वापरून लगेच झाकणाच्या डब्यात टाकता येणारा टिश्यू योग्य. कच्चे मांस किंवा मासळीचे पाणी पुसण्यासाठीही तोच सोयीचा. भजी, वडे वर्तमानपत्रावर काढणे मात्र थांबवायला हवे. छपाईच्या शाईतील घातक द्रव्यांमुळे देशाच्या अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने त्याविरुद्ध इशारा दिलेला आहे. तळणातील तेल निथळण्यासाठी जाळीची चाळणी आणि खाली ताटली पुरेशी आहे.

धुणे कोणाच्या वाट्याला?

या हिशेबातील एक बाब सहसा कोणी बोलून दाखवत नाही. कागद वाचतो, तेव्हा धुणे वाढते; आणि ते बहुधा घरातील स्त्रीच्या किंवा कामाला येणाऱ्या बाईंच्या वाट्याला जाते. घराने कापड स्वीकारायचे आणि कष्ट मात्र एकीनेच उपसायचे, अशी व्यवस्था फार दिवस टिकत नाही. महिन्याभरात रोल परत येतो. जेवणानंतर ज्याने त्याने आपला रुमाल धुऊन दोरीवर टाकावा, उरलेली फडकी आठवड्यातून दोनदा पाळीपाळीने सर्वांनी धुवावीत, एवढा नियम पुरे. सुरुवातही एकदम नको. पहिल्या महिन्यात केवळ जेवणाचे रुमाल बदलावेत. ते अंगवळणी पडले, की ओट्यावरचा रोल आपसूकच मागे पडेल.