उष्णतेची वाट वळवणारे रेणू

दहिसरच्या कांदरपाड्यातून एका वाचकाने विचारलं आहे : मे महिन्यात भाजीच्या गाडीवर उन्हात राहिलेल्या कॅल्क्युलेटरचा पडदा काळाकुट्ट झाला आणि सावलीत ठेवताच पूर्ववत. हे कसं?

त्या पडद्यात द्रवस्फटिक असतो. त्याचे काडीसारखे लांबट रेणू द्रवासारखे वाहतात, तरी तोंडं एकाच दिशेला ठेवतात. फार तापले की ही शिस्त मोडते आणि प्रकाश अडतो. निवले की पुन्हा ओळीत येतात.

पण मला मोह पडतो तो उलट्या गोष्टीचा. उष्णता शिस्त मोडते, तशी शिस्तही उष्णतेला वाट देते! लाकडात ऊब उभ्या रेषांच्या दिशेने लवकर सरकते, आडवी जाताना रेंगाळते. द्रवस्फटिकातही रेणूंच्या लांबीच्या दिशेने उष्णता आडव्यापेक्षा साधारण दीडपट ते दुप्पट सहज वाहते. लाकडाच्या रेषा मात्र कुणाला वळवता येत नाहीत. इथे विद्युतक्षेत्र लावलं की रेणू वळतात, आणि त्यांच्याबरोबर उष्णतेची वाटही.

कचेऱ्यांत बटण दाबताच दुधाळाची पारदर्शक होणारी काच पाहिली असेल. तिच्यात पॉलिमरच्या पापुद्र्यात द्रवस्फटिकाचे अतिसूक्ष्म थेंब अडकवलेले असतात. वीज नसताना प्रत्येक थेंबाची दिशा निराळी. वीज येताच सगळे पापुद्र्याच्या जाडीच्या दिशेने उभे राहतात, म्हणून उष्णता आरपार जायला थोडी सोपी वाट मिळते.

‘थोडी’ हा शब्द जपून वापरला आहे. अशा पदार्थाने उद्या मोबाइल गार राहील, असं कुणी म्हणालं तर आकडे विचारावेत. उष्णतावाहकता (वॅट प्रति मीटर-केल्विनमध्ये) तांब्याची सुमारे ४००, पाण्याची ०.६, आणि नेहमीच्या द्रवस्फटिकाची, रेणू अनुकूल दिशेला असतानाही, जेमतेम पाव. शिवाय भोवतालचं पॉलिमर विजेला दाद देत नाही. त्याचं प्रमाण वाढेल तसा फरक पातळ होतो. तरीही हा फरक मोजणारे प्रयोग मोलाचे आहेत. रेणू किती व्होल्टला वळले, हे प्रकाश न वापरता, नुसत्या उष्णतेच्या चालीवरून कळतं.

या विषयात एक नाव आपल्याकडे फार कमी ऐकू येतं. शिवरामकृष्ण चंद्रशेखर १९५१ साली नागपूर विद्यापीठातून भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झाले आणि मामांकडे, म्हणजे सी. व्ही. रामन यांच्याकडे, बंगळूरला गेले. वनस्पतिशास्त्रज्ञ राइनित्झरने १८८८मध्ये द्रवस्फटिकाची पहिली खूण पाहिली, तेव्हापासून सगळं लक्ष काडीसारख्या रेणूंवर होतं. १९७७मध्ये चंद्रशेखर आणि त्यांचे सहकारी सदाशिव व सुरेश यांनी दाखवलं की तबकडीसारखे चपटे रेणूही द्रवस्फटिक होतात, नाण्यांच्या चळतीसारखे एकावर एक रचून.