बकासूर नेमका कुठला?

या आठवड्यात बोरच्या जंगलात शिरायचं ठरलं होतं. ते पुढच्या खेपेला. एरंडोलच्या एका वाचकांनी पत्रातून चांगलंच धारेवर धरलंय : ‘बकासुराची एकचक्रानगरी आमची. तुम्ही ती बिनदिक्कत केळझरला नेऊन ठेवलीत!’

आता आली का पंचाईत! केळझरच्या टेकडीवर कुणालाही विचारा, पांडव इथेच राहिले, सिद्धिविनायक त्यांनीच बसवला आणि बकासूर खाली मैदानात मेला, असं तो छातीठोकपणे सांगेल. एरंडोलकरांकडे पांडववाडा आहे, जवळच पद्मालय आणि तिथलं भीमकुंड. पश्चिम बंगालमधल्या बीरभूम जिल्ह्यातही एक एकचक्रा आहे, नित्यानंद प्रभूंचं जन्मगाव. तिथेही भीम आणि बकासूर आहेतच. बिहारमधल्या आऱ्याचं नावही घेतलं जातं. एका राक्षसाला मरायला एवढी गावं!

मला यात गंमत वाटते ती वेगळीच. महाभारतातल्या या कथेत गणपती कुठेच नाही. गाडाभर भात, दोन रेडे आणि ते पोचवणारा माणूस हा राक्षसाचा रतीब आहे. रडणारं ब्राह्मण कुटुंब आहे. पोराला बेलाशक पाठवणारी कुंती आहे. आणि राक्षसासमोर बसून त्याचाच भात हाणणारा भीम आहे. तरी केळझरला टेकडीवर सिद्धिविनायक आणि पद्मालयालाही डोंगरावर गणपतीच, तोही जोडीने, आमोद आणि प्रमोद. माझ्या मते टेकडीवरचा देव आधीचा असावा आणि पांडव मागाहून मुक्कामाला आले असावेत. पुरावा मागू नका.

निकाल लावायची मला घाईही नाही. अशा वादाचाही गावांना उपयोग करून घेता येतो. अमेरिकेत नेवाडा म्हटलं की जुगाराचे अड्डे आठवतात. पण त्याच राज्याच्या वाळवंटातून जाणाऱ्या ५० क्रमांकाच्या महामार्गाला १९८६ मध्ये ‘लाइफ’ मासिकाने देशातला सर्वांत एकाकी रस्ता ठरवलं. तिथल्या लोकांनी ती टीकाच पाटीवर चढवली. वाटेतल्या ईली, युरेका, ऑस्टिन अशा गावांत थांबून शिक्के गोळा करा, प्रमाणपत्र मिळवा! माणसं मुद्दाम तिकडे जाऊ लागली. आपल्याकडे तर बकासूर आयता मिळालाय. केळझर, एरंडोल दोन्हीकडे शिक्के ठेवा की.

नागपूरहून वर्ध्याला जाताना केळझरला गाडी थांबते, पण बहुतेकदा दर्शन आणि चहापुरतीच. तसं करू नका. टेकडी पायी चढा. देऊळ जुन्या किल्ल्याच्या आवारात आहे, तेव्हा दर्शन झाल्यावर तटाचे दगड शोधत फिरा आणि वरून सपाटी नीट पाहून घ्या. भीमाने राक्षसाचं धूड वेशीवर आणून टाकलं, असं कथा सांगते. ती वेस कुठे असेल याचा अंदाज बांधण्यात पोरांचा तासभर सहज जातो. मोठ्यांचाही. उन्हाळ्यात मात्र सकाळी लवकर. वर्ध्याचं ऊन भीमालाही सोसायचं नाही. पुढे वर्ध्याला गेलात तर तिथला खाऊ, गोरसपाक, घ्यायला विसरू नका.

बोरला जायचं असेल तर दुर्बीण काढून ठेवा. २०१४ मध्ये व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला तेव्हा त्याचं क्षेत्र जेमतेम १३८ चौरस किलोमीटर होतं. ताडोबाच्या हिशेबाने तिथे जाऊ नये. कसं जावं, ते पुढच्या आठवड्यात. एरंडोलहून आणखी पत्र आलं नाही, तर.