शब्दावर चालणाऱ्या वाटा

अमेरिकेच्या ईशान्य भागात, कॅनडाच्या सीमेलगत, व्हरमाँट नावाचे एक छोटे राज्य आहे. गगनचुंबी इमारती आणि अवाढव्य शहरे हे अमेरिकेचे परिचित रूप येथे दिसत नाही. लाटांप्रमाणे चढत-उतरत जाणाऱ्या हिरव्या टेकड्या, त्यांच्या उतारावर लाकडी गोठे, चरणाऱ्या गाई आणि मेपल वृक्षांच्या दाट राया, असे येथील शांत ग्रामीण दृश्य आहे. राज्याची लोकसंख्या साडेसहा लाखांच्याही आत आहे. ऑर्लिन्स, एसेक्स आणि कॅलेडोनिया या येथील तीन जिल्ह्यांच्या प्रदेशाला १९४९ मध्ये जॉर्ज एकन या लोकनेत्याने ‘नॉर्थईस्ट किंगडम’, म्हणजे ईशान्येचे राज्य, असे कौतुकाने म्हटले आणि तेच नाव पुढे रूढ झाले.

याच प्रदेशात ईस्ट बर्क हे लहानसे खेडे आहे. बर्कच्या संपूर्ण पंचक्रोशीची वस्ती सोळाशेच्या आसपास. तथापि मे महिन्यापासून शरद ऋतूतील पानगळीपर्यंत येथील एकुलत्या मुख्य रस्त्यावर मोटारींची रांग लागलेली असते आणि प्रत्येक मोटारीच्या पाठीमागे सायकली बांधलेल्या असतात. माँट्रियलहून सुमारे दोन तासांचा आणि बॉस्टनहून सुमारे तीन तासांचा प्रवास करून ही मंडळी येतात, ती कच्च्या, अरुंद डोंगरवाटांवर सायकल चालविण्यासाठी. ‘किंगडम ट्रेल्स’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या वाटांचे जाळे १६० किलोमीटरहून अधिक लांब आहे. डार्लिंग हिल या लांबट टेकडीच्या माथ्यावरून कुरणे ओलांडावीत, समोर बर्क पर्वत पाहावा, मग झाडीत शिरून वळणावळणांनी ओढ्यापर्यंत उतरावे आणि पुन्हा चढणीला लागावे, असा हा आनंद असतो.

या आनंदामागील एक गोष्ट मात्र व्यापारी घराण्यांतील वाचकांना विशेष विचार करण्याजोगी वाटेल. या वाटा ज्या जमिनीतून जातात, ती बहुतांशी सरकारचीही नाही आणि वाटा सांभाळणाऱ्या संस्थेचीही नाही. शंभराच्या आसपास खासगी मालकांच्या शेतांतून, कुरणांतून आणि रायांतून या वाटा गेल्या आहेत. मालकांनी त्या केवळ सद्भावनेने खुल्या केल्या आहेत आणि मनात येईल तेव्हा ते त्या बंदही करू शकतात.

गोठे ओस पडले तेव्हा

व्हरमाँटचा मूळ व्यवसाय दुधाचा. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात या राज्यात दुग्धव्यवसाय करणारी अकरा हजारांहून अधिक शेते होती. २०२० च्या सुमारास ही संख्या सातशेच्याही खाली आली. दुधाला मिळणारा भाव आणि गोठ्याचा खर्च यांचा मेळ लहान शेतकऱ्यास बसेना. तरुण पिढी शहरांकडे वळू लागली. खेडे ओस पडण्याची ही कथा आपल्याकडील वाचकांना अनोळखी नाही.

डार्लिंग हिल हे नाव मात्र उलट दिशेच्या प्रवासाची आठवण देते. एल्मर डार्लिंग हा ईस्ट बर्कचाच सुपुत्र. न्यूयॉर्कच्या सुप्रसिद्ध फिफ्थ अॅव्हेन्यू हॉटेलच्या व्यवसायात त्याने संपत्ती मिळविली आणि ती घेऊन तो आपल्या गावाकडे परतला. टेकडीवर त्याने आदर्श दुग्धशाळा उभारली आणि १९०४ ते १९०८ या काळात ‘बर्कलिन हॉल’ हा प्रासाद बांधला. बर्क आणि लिंडन या दोन गावांच्या सीमेवर तो उभा असल्याने दोन्ही नावे जोडून त्याचे नामकरण झाले. डार्लिंगच्या लोणी-दुधाच्या कामाची जुनी विटांची इमारत आज प्रवाशांचे अतिथिगृह झाली आहे.

गावातील काही व्यावसायिक व रहिवासी यांनी १९९४ मध्ये एकत्र येऊन ‘किंगडम ट्रेल्स असोसिएशन’ ही विनानफा संस्था स्थापन केली. भांडवल म्हणावे असे त्यांच्याजवळ फारसे नव्हते. जुन्या बैलगाडीवाटा, लाकूडतोड्यांच्या पायवाटा आणि शेजाऱ्यांची ओळख एवढ्या बळावर ते एकेका दारी गेले. ‘तुमच्या कुरणाच्या कडेने एक हातभर रुंदीची वाट जाऊ द्याल का?’ असा साधा प्रश्न होता. एकाने होकार दिला, मग शेजाऱ्याने दिला आणि शेताला शेत जोडले जाऊन वाट लांबत गेली.

वाट कशी घडते

सायकलची चांगली वाट चालून चालून आपोआप पडत नाही. ती विचारपूर्वक आखावी लागते. तिचा मुख्य शत्रू म्हणजे पाणी. टेकडीवरून सरळ खाली उतरणारी वाट पहिल्याच मोठ्या पावसात ओहोळ बनते. म्हणून वाट उताराला आडवी, वळसे घेत न्यावी लागते. तिची सरासरी चढण दहा टक्क्यांच्या आसपास राखावी, तिची बाहेरची कड किंचित खाली झुकलेली ठेवावी आणि ठरावीक अंतराने उतरणीत लहानसा उंचवटा द्यावा, म्हणजे पाणी वाटेवरून न धावता बाजूला निघून जाते. सायकलस्वारास ज्या उंचवट्यांची गंमत वाटते, ते पुष्कळदा पाण्यासाठीच घडविलेले असतात.

हिवाळा संपताना या प्रदेशात चिखलाचा एक स्वतंत्र ऋतूच येतो. जमिनीचा वरचा थर वितळतो, खालचा अद्याप गोठलेलाच असतो. त्यामुळे पाणी मुरण्यास जागा राहत नाही. अशा वेळी एक चाक जरी गेले तरी खोल चाकोरी पडते आणि पुढे तीच पाण्याचा मार्ग होते. म्हणून साधारणतः मेच्या आरंभापर्यंत वाटा बंद राहतात. त्याआधी, मार्च-एप्रिलमध्ये, मेपलच्या रायांत रस गोळा करण्याची लगबग चालते. सुमारे चाळीस भाग रस आटवावा तेव्हा एक भाग पाक हाती लागतो. ज्या झाडांमधून उन्हाळ्यात सायकली जातात, तीच झाडे शेतकऱ्याचे उत्पन्न असतात, याचे भान पाहुण्याने ठेवावे लागते.

वाटांची काठिण्यपातळी पाट्यांवर चिन्हांनी दर्शविलेली असते. सोप्या वाटेस हिरवे वर्तुळ, मध्यम वाटेस निळा चौकोन आणि अवघड वाटेस काळा हिरकणीसारखा आकार. स्वार दिवसाचे किंवा वर्षाचे शुल्क संस्थेकडे भरतो आणि त्यातून देखभालीचा खर्च चालतो. गावातील किराणा दुकान, सायकलदुरुस्तीचे दुकान, उपाहारगृह आणि घरगुती निवास या सर्वांची उलाढाल या पाहुण्यांवर अवलंबून असते.

मुद्दल विश्वासाचे

येथे जमीनमालकाची बाजूही समजून घेतली पाहिजे. जमिनीवर मनाईची पाटी नसेल तर तेथून कुणी गेल्यास हरकत घ्यायची नाही, ही व्हरमाँटची जुनी रीत. राज्याच्या कायद्यानेही तिला आधार दिला आहे. मालकाने मोबदला न घेता लोकांना करमणुकीसाठी आपल्या जमिनीवर येऊ दिले आणि कुणी पडून जखमी झाले, तर सर्वसाधारणपणे मालकास जबाबदार धरले जात नाही. हे संरक्षण मोबदला न घेण्याशी जोडलेले आहे. म्हणजे लाखोंची उलाढाल ज्या पायावर उभी आहे, तो पाया मात्र पैशांच्या व्यवहाराबाहेरच राहतो.

या वाटांची कीर्ती जसजशी वाढली, तसतशी गर्दीही वाढली. वर्षाकाठी लाखाहून अधिक फेऱ्या नोंदल्या जाऊ लागल्या. अरुंद ग्रामीण रस्त्यावर सायकलींचे थवे, गजबजलेले वाहनतळ आणि कुणाच्या तरी घरासमोरून भरधाव जाणारे अनोळखी लोक असे चित्र दिसू लागले. बहुसंख्य पाहुणे सभ्य असत. परंतु मोजक्यांचा उद्धटपणाही मालकाच्या मनात राहून जातो. अखेर डिसेंबर २०१९ मध्ये डार्लिंग हिलवरील तीन जमीनमालकांनी आपल्या जमिनीवर सायकली येऊ न देण्याचा निर्णय कळविला. पायी चालणाऱ्यांना त्यांनी अडविले नाही. मनाई होती ती सायकलींना. पंचवीस वर्षांच्या परिश्रमांनी जोडलेल्या जाळ्याचे काही अत्यंत लाडके दुवे त्यामुळे तुटले. दाद मागण्यास कोठे जागा नव्हती, कारण मालकांनी आपला हक्क वापरला होता एवढेच.

गावाला हा धक्का मोठा होता. ज्यांचे पोट या वाटांवर होते, त्यांना राग येणे स्वाभाविक होते. तथापि संस्थेने मालकांचा निर्णय आदराने स्वीकारला, त्यांच्याविरुद्ध टीका करू नये असे स्वारांना सांगितले आणि आपल्याच कारभाराकडे नजर वळविली. किती पाहुणे या गावाला झेपतील, मोटारी कोठे थांबाव्यात, गर्दी एकाच टेकडीवर का साठते, या प्रश्नांचा अभ्यास सुरू झाला. वाटांवर मार्गदर्शक स्वयंसेवक नेमले गेले. ‘कृतज्ञतेने सायकल चालवा’ अशा आशयाची मोहीम संस्थेने हाती घेतली. आखलेली वाट सोडू नये, समोरून येणाऱ्यास नमस्कार करावा, चालणाऱ्यास व घोडेस्वारास आधी जाऊ द्यावे, बंद वाट म्हणजे बंदच समजावी, असे तिचे साधे नियम.

व्यापारात पत ही पिढ्यान्‌पिढ्या जमते आणि ती कमावणाऱ्यापेक्षा उधळणारा बहुधा वेगळाच असतो. ईस्ट बर्कमध्येही तेच घडले. ज्यांनी दारोदार जाऊन होकार मिळविले, ते गावचेच होते. ज्यांनी तो होकार गृहीत धरला, ते एका दिवसाचे पाहुणे होते. म्हणूनच या संस्थेचे खरे काम फावडे-कुदळीइतकेच पाहुण्याला यजमानाची ओळख करून देण्याचे आहे.

आजही बाकीचे मालक आपल्या वाटा खुल्या ठेवून आहेत. मेच्या आरंभी चिखल सुकतो, दोरी सोडली जाते आणि पहिला स्वार कुरणाच्या कडेने निघतो. डाव्या हाताला कुणाचे तरी गवत वाढत असते, उजव्या हाताला कुणाची तरी मेपलची राई असते. त्या दोहोंमधील हातभर रुंद वाट पुढच्या वर्षीही तेथे असेल की नाही, हे बऱ्याच अंशी त्या दिवशीच्या त्याच्या वागण्यावर ठरणार असते.