मारिओ श्रेष्ठ कीं सॉनिक ?

कर्ण श्रेष्ठ कीं अर्जुन, हा वाद ज्या घरांत कधींच झाला नाहीं असें मराठी घर विरळाच. आजचीं मुलें तोच वाद पडद्यावरील खेळांतल्या वीरांविषयीं घालतात, आणि वडील मंडळी "काय हा पोरखेळ !" म्हणून उठून जातात. मला तें योग्य वाटत नाहीं. वाद कशाविषयीं आहे यापेक्षां तो कसा चालला आहे हें पाहणाऱ्याला येथें बरेंच घेण्यासारखें आहे. उदाहरणादाखल एकच गाजलेला सामना घेतों : मारिओ आणि सॉनिक यांचा.

ज्यांना हीं नांवें अपरिचित असतील त्यांच्यासाठीं दोन शब्द. मारिओ हा निन्टेन्डो या जपानी कंपनीचा ठेंगणा, मिशाळ नायक. शिगेरु मियामोतो यांनी त्याला १९८१ सालीं प्रथम पडद्यावर आणिलें. सॉनिक हा सेगा या दुसऱ्या जपानी कंपनीचा, १९९१ सालचा. तो निळ्या रंगाचा हेजहॉग, म्हणजे साळिंदरासारखा काटेरी पण जातीनें निराळा असा लहान प्राणी. त्या काळीं एका कंपनीचा खेळ दुसरीच्या यंत्रावर चालत नसे. घरांत जें यंत्र घेतलेलें असे, त्याच्याच नायकाचा मुलें कैवार घेत ; आणि सेगानें तर अमेरिकेंत सॉनिकचा खेळ यंत्राबरोबरच देऊन या कैवाराला खतपाणी घातलें. तेव्हां वादाच्या मुळाशीं थोडा व्यापारही आहे.

न्यायशास्त्रांत वाद, जल्प आणि वितंडा असे चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य कळावें म्हणून होतो तो वाद. जिंकण्यासाठीं होतो तो जल्प. आणि स्वतःचा पक्ष न मांडतां केवळ दुसऱ्याचा खोडून काढावयाचा, ती वितंडा. मुलांचा वाद जल्पावर कधीं घसरतो ? एकजण पहिल्या खेळांतला नायक घेतो आणि दुसरा वीस वर्षांनंतरच्या खेळांतला, तेव्हां. नव्या खेळांत नायकाला नवी शक्ति मिळते. म्हणून ग्रंथ आणि आवृत्ति आधीं ठरवावी लागते. आपण १९८५ चा 'सुपर मारिओ ब्रदर्स' आणि १९९१ चा सॉनिकचा पहिला खेळ, एवढेंच प्रमाण मानूं.

मारिओचें मुख्य शस्त्र म्हणजे उडी. शत्रूच्या डोक्यावर उडी मारली कीं शत्रु संपला. परंतु त्याच खेळांत काटेरी पाठीचें एक कांसव आहे. त्याच्यावर उडी घेतली तर इजा मारिओलाच होते. आणि सॉनिक तर अंगाचा काटेरी चेंडू करून धांवणारा ! म्हणजे मारिओचें शस्त्र येथें बोथट ठरतें, आणि हें त्याच्याच खेळाच्या नियमावरून निघतें. उरतें अग्निफूल. तें मिळाल्यावर मारिओ जे आगीचे गोळे फेकतो त्यांनीं तें कांसवही मरतें. पण सॉनिकजवळ सोन्याचें एक जरी कडें असलें, तरी शत्रूच्या एका आघातानें तो मरत नाहीं ; कडीं विखुरतात, आणि चपळाई असेल तर त्यांतलीं कांहीं तो पुन्हा वेंचून घेतो. उलट अळंबें न मिळालेला मारिओ शत्रूच्या नुसत्या स्पर्शानें प्राणास मुकतो. ताऱ्यानें त्याला अभेद्यता येते खरी, पण थोडे क्षणच. तेवढा वेळ सॉनिकनें पळून काढावा, आणि पळण्यांत त्याचा हात कोण धरणार?

एवढ्यावरून निकाल देऊं पाहणाऱ्याला मी पाण्याची आठवण देईन. सॉनिकला पोहतां येत नाहीं. तो तळाशीं जातो, त्याचा वेग मंदावतो, आणि हवेचे बुडबुडे न मिळाले तर थोड्याच वेळांत गुदमरून मरतो. १९८५ चा मारिओ मात्र श्वासाची चिंता न करतां पोहतो, आणि त्याचे आगीचे गोळे पाण्यांतही विझत नाहींत. हें कसें, तें विचारूं नये ! माझें मत विचाराल तर जमिनीवर सॉनिक आणि पाण्यांत मारिओ. रणभूमि निवडण्याचा अधिकार ज्याला, त्याचा जय. कर्णाच्या पक्षाचे लोक रुतलेल्या रथचक्राविषयीं आणि दान दिलेल्या कवचकुंडलांविषयीं जें बोलतात, तें तरी याहून निराळें काय आहे ?

कर्णार्जुनांप्रमाणें या दोघांचीही गांठ पुढें पडली. २००१ सालीं सेगानें घरगुती खेळयंत्रें करणें सोडून दिलें, आणि सॉनिकचे खेळ निन्टेन्डोच्या यंत्रांवरही येऊं लागले. २००७ मध्यें ऑलिंपिक क्रीडांच्या एका खेळांत दोघे एकत्र आले, आणि २००८ सालीं 'सुपर स्मॅश ब्रदर्स ब्रॉल' या खेळांत त्यांची प्रत्यक्ष झुंज लागली. पण निकाल तेथेंही नाहीं. असा खेळ रचणाऱ्याला सर्व योद्ध्यांत शक्य तों समतोल राखावा लागतो. एकच नायक नेहमीं जिंकूं लागला तर दुसऱ्याला हातीं कोण घेईल? शिवाय नियमही नवे : प्रतिस्पर्ध्याला मारून मारून मैदानाबाहेर फेकावयाचें. सॉनिकला वांचविणारीं कडीं तेथें नाहींत, आणि काट्यांवर उडी घेतल्याबद्दल मारिओला शिक्षाही नाहीं. सारें काम बोटांचें. थोरला भाऊ मारिओ घेऊन जिंकतो, धाकटा तक्रार करतो म्हणून अदलाबदल होते, आणि मग सॉनिक घेऊनही थोरलाच जिंकतो.