खालून वर चढणाऱ्या पेशी
गर्भधारणेनंतर साधारण 28 व्या दिवसापर्यंत बाळाच्या मेंदूची आणि मज्जारज्जूची मूळ नळी मिटलेली असते. अनेकींना तेव्हा दिवस गेल्याचं कळलेलंही नसतं! म्हणूनच ही नळी नीट मिटायला मदत करणारं फॉलिक ॲसिड मूल हवं असं ठरवतानाच सुरू करायला सांगतात. मैत्रिणींना हे आवर्जून सांगा.

मी थक्क होतो ते पुढच्या टप्प्यावर. मेंदूच्या बाह्यपटलातल्या बहुतेक चेतापेशी खोल आत, पोकळीलगत जन्मतात आणि लांबट आधारपेशींना धरून वर चढतात. नंतर जन्मलेल्या आधीच्यांना ओलांडून त्यांच्याही वर जाऊन बसतात. म्हणजे सगळ्यात वरच्या मजल्यावर सगळ्यात नवे रहिवासी! विसाव्या आठवड्याच्या सुमारास मेंदू बाहेरून बराचसा गुळगुळीतच असतो. वळ्या नंतर पडतात.

मेंदूची ही घडण डाउन सिंड्रोममध्ये थोडी वेगळी होते. त्यात बहुतेकांच्या पेशींत 21 व्या गुणसूत्राची तिसरी प्रत असते. पॅरिसमध्ये 1959 साली हे प्रसिद्ध झालं. त्यासाठी पेशी वाढवण्याचं मूळ काम संशोधक मार्थ गोतिए यांचं, आणि त्यांना श्रेय फार उशिरा मिळालं. डाउन सिंड्रोम असलेल्या बाळांमध्ये गर्भातच चेतापेशी कमी तयार होतात, लहान मेंदूही सरासरीपेक्षा छोटा राहतो. पण पेशींमधली जोडणी जन्मानंतरही वर्षानुवर्षं चालू असते, म्हणून फिजिओथेरपी आणि स्पीच थेरपी लवकर सुरू करण्याला एवढं महत्त्व.

आणि हो, आयआयटी मद्रासने 2024 मध्ये गर्भातल्या मेंदूचा ‘धरणी’ हा त्रिमितीय नकाशा खुला केलाय. 5,132 छेदांच्या प्रतिमा, कुणालाही मोफत. नक्की बघा!