झेरॉक्स चालू, पॉलिसी बंद

कामरगावजवळ फोन वाजला. मी सुप्याच्या एमआयडीसीतून नगरला परत येत होते. स्कूटर कडेला घेतली. एका कारखान्याचे सेफ्टी ऑफिसर बोलत होते. "मॅडम, आमच्या मेंटेनन्सच्या ठेकेदाराची डब्ल्यूसी तुमच्याकडूनच आहे ना? चालूच असेल म्हणा, पण साहेबांनी खात्री करायला सांगितलंय."

ती चालू नव्हती. नऊच दिवसांपूर्वी ती रद्द करण्याचा त्या ठेकेदाराचा अर्ज मी स्वतःच्या हाताने विमा कंपनीच्या शाखेत दिला होता.

"साहेब, ते तुम्ही ठेकेदाराकडूनच लेखी मागून घ्या," मी म्हणाले. पलीकडे जरा शांतता. मग "बरं" म्हणून त्यांनी फोन ठेवला. मी तिथेच पाच मिनिटं उभी राहिले. मी काहीच सांगितलं नव्हतं, आणि तरी सगळं सांगून बसले होते.

मी 2003 पासून विम्याचं काम करते. तेव्हा एजंट व्हायला शंभर तासांचं प्रशिक्षण लागायचं. ग्राहकाला काय काय सांगावं हे त्या शंभर तासांत घोकून घेतलं. कुणाला काय सांगू नये, यावर फारसं कुणी बोललं नाही. ते नगरच्या सावेडीतल्या माझ्या दहा बाय बाराच्या गाळ्यात बसून शिकले.

डब्ल्यूसी म्हणजे 'वर्कमेन्स कॉम्पेन्सेशन': कामगार कामावर जखमी झाला किंवा दगावला तर मालकाला जी भरपाई द्यावी लागते, तिचा विमा. मूळ कायदा 1923 चा. 2010 मध्ये त्याच्या नावातला 'वर्कमेन' जाऊन 'एम्प्लॉइज' आला, पण आमच्याकडे आजही कुणी 'ईसी' म्हणत नाही. (जिल्ह्याचं नाव 2024 मध्ये अहिल्यानगर झालं, तरी आम्ही 'नगरला चाललो'च म्हणतो, तसंच.) रक्कम किती होते याचा अंदाज फार थोड्यांना असतो. 2020 पासून हिशेबाला महिन्याचा पगार जास्तीत जास्त 15,000 रुपये धरला जाऊ लागला. तीस वर्षांचा कामगार दगावला, तर त्या पगाराच्या निम्म्याला, म्हणजे 7,500 ला, वयानुसार ठरलेल्या 207.98 या आकड्याने गुणायचं. होतात 15 लाख 59 हजार 850 रुपये. बारा-पंधरा माणसं घेऊन फिरणाऱ्या छोट्या ठेकेदाराचा धंदा एवढ्यात बसतो. जिथे ईएसआय (कामगार राज्य विमा योजना) लागू आहे तिथे कामगाराचं ईएसआय बघतं. बाकीच्यांसाठी ही पॉलिसी.

1923 च्या कायद्याच्या बाराव्या कलमाने या भरपाईचं ओझं नुसतं ठेकेदारावर ठेवलेलं नव्हतं. कारखान्याने आपल्या धंद्यातलं नेहमीचं काम ठेक्याने दिलं असेल, तर कामगार थेट कारखान्याकडे भरपाई मागू शकतो. कारखान्याने ती द्यायची आणि मग ठेकेदाराकडून वसूल करत बसायचं. 21 नोव्हेंबर 2025 पासून त्या कायद्याच्या जागी लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हे तत्त्व तसंच राहिलं आहे. स्वतःचं घर बांधून घेणाऱ्याला ते सहसा लागत नाही, कारण घर बांधणं हा त्याचा धंदा नव्हे. पण कारखानदाराला लागतं. म्हणून तर पॉलिसीची झेरॉक्स दिल्याशिवाय ठेकेदाराच्या माणसांना गेटपास मिळत नाही.

आणि गेटपास मिळाला की ती झेरॉक्स फाइलला लागते. पुढे वर्षभर तिच्याकडे कुणी बघत नाही.

हा ठेकेदार माझ्याकडे आला तेव्हा घाम पुसत होता. "ताई, तीन महिन्यांची बिलं अडकलीत. पगार द्यायचेत. ती पॉलिसी मोडून काही परत मिळेल का?" मिळतं. पॉलिसीधारकाला मधेच रद्द करता येते. गेलेल्या महिन्यांच्या मानाने कंपनी जरा जास्तच कापून घेते, तोवर दिलेल्या पगाराचा हिशेब मागते आणि उरलेलं खात्यात टाकते. एजंटचं कमिशनही त्या प्रमाणात परत जातं, पण ते माझं दुखणं.

"माणसं अजून कामावर आहेत ना?" मी विचारलं.

"आहेत. दोन महिन्यांत परत काढू, ताई. तोवर देव आहे."

मी नको म्हणू शकत नव्हते. पॉलिसी त्याची, हक्क त्याचा. 'विमा बंद झाल्यावर होणाऱ्या अपघाताची जबाबदारी माझी राहील, हे मला समजलं आहे' एवढं त्याच्याकडून लिहून घेतलं. वाटलं, आपण सुटलो. कामरगावला कळलं, सुटलो नव्हतो.

मग मी कारखान्याला खरं का सांगितलं नाही? कारण कारखाना माझा ग्राहक नव्हता. पॉलिसीधारकाची माहिती पूर्ण गोपनीय ठेवायची, कायद्याने सरकारी यंत्रणेला देणं भाग असेल तेवढीच द्यायची, असं विमा नियामकाच्या 2017 च्या विनियमांत होतं. 2024 मध्ये नवे विनियम आले, म्हणून एजंटाला कुणी मोकळीक दिलेली नाही. ठेकेदाराने पैशाच्या अडचणीत पॉलिसी मोडली, ही बातमी एमआयडीसीत पसरली तर उद्या त्याला पत्रेवालासुद्धा उधार देणार नाही. मात्र वकिलाला अशिलाच्या बाबतीत जसं कायद्याचं कवच असतं, तसं मला नाही. अपघात झाला आणि भरपाईचा दावा ऐकणाऱ्या अधिकाऱ्याने कागद मागवले, तर मला उभं राहून सगळं सांगावं लागेल.

इथे एक फरक करायला हवा. न सांगणं वेगळं आणि खोटं सांगणं वेगळं. "हो हो, चालू आहे" म्हणून फोन ठेवणारे एजंट मला माहीत आहेत. त्याला गोपनीयता म्हणत नाहीत, ती फसवणूक आहे.

याच प्रकरणात गोपनीयतेची दुसरी बाजूही निघाली, तिच्याकडे बहुधा कुणाचंच लक्ष जात नाही. रद्द करण्याच्या अर्जाला ठेकेदाराने कारखान्याची अख्खी वर्कऑर्डर जोडून आणली होती, सहा पानं. त्यात दर, यंत्रांची नावं, एका भागाचं ड्रॉइंग. शेवटच्या पानावर 'ही माहिती कोणालाही देणार नाही' असं कलम आणि खाली याची सही. म्हणजे आपला विमा मोडताना तो आपल्या गिऱ्हाइकाचं गुपित माझ्या टेबलावर ठेवून मोकळा! रद्द करायला लागतो एक अर्ज, पॉलिसी नंबर, पगारपत्रक आणि बँकेचा रद्द केलेला चेक. काम कुणाचं होतं, किती दराने होतं, याच्याशी विमा कंपनीला देणंघेणं नाही. मी पाच पानं परत दिली. तारखेसाठी पहिलं पान ठेवायचा त्याचा आग्रह होता, तर त्यावरचे दर काळ्या स्केचपेनने खोडले आणि त्याची पुन्हा झेरॉक्स काढायला लावली. नुसतं खोडलेलं उजेडात धरलं की वाचता येतं.

रस्त्यावर बघा, उलटं आहे. गाडीचा नंबर मोबाइलच्या परिवहन ॲपमध्ये टाकला की तिचा विमा कधी संपतो ते नगरच्या दिल्ली गेटचा चहावालासुद्धा सांगेल. मोटार विम्यात कायद्याने पहिल्यापासून तिसऱ्या माणसाचा, म्हणजे धडक बसणाऱ्याचा, विचार केला. प्रीमियमचा चेक वटला नाही म्हणून कंपनीने पॉलिसी रद्द केली, पण ती खबर अपघाताआधी गाडीमालकापर्यंत पोचली नाही, तर जखमीला भरपाई कंपनीनेच द्यायची, असं सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये लक्ष्मम्मा खटल्यात ठरवलं. म्हणजे ट्रकचा विमा जगजाहीर. त्याच ट्रकमधून लोखंड उतरवणाऱ्या हमालाचा विमा मात्र ठेकेदार, एजंट आणि विमा कंपनी या तिघांचं गुपित. ज्याच्या जिवाचा प्रश्न, त्यालाही पॉलिसी बंद झाल्याचं कुणी कळवत नाही. माझ्या मते ही व्यवस्था चुकीची आहे. पण ती एजंटाने चोरून फोन करून सुधारायची नसते.

सरकारी कामात हा घोळ बराच कमी होतो. सार्वजनिक बांधकाम खात्याच्या निविदेत राज्याच्या विमा संचालनालयाकडूनच विमा घ्यायची अट असते. ठेकेदाराने नाही घेतला तर प्रीमियम बिलातून कापतात. ठेकेदार त्यावर कुरकुरतात, पण ते बरं आहे.

खासगी कारखान्यालाही उपाय आहेत. स्वतःच्या पॉलिसीत ठेकेदाराच्या कामगारांचा पगार दाखवून त्यांनाही सामावून घ्यायचं आणि तो खर्च बिलातून वळता करायचा, हा सगळ्यात पक्का. तेवढं नको असेल तर वर्कऑर्डरमध्ये एक वाक्य घालायचं: पॉलिसी चालू आहे की नाही हे विमा कंपनीने आणि एजंटाने कारखान्याला सांगायला ठेकेदाराची संमती आहे. मी आता नव्या पॉलिसीच्या वेळीच हे संमतिपत्र समोर ठेवते. काही जण सही करतात. काही म्हणतात, "राहू द्या ताई, नंतर बघू." त्यांचंही गुपित मी तितकंच सांभाळते.

त्या दिवशी संध्याकाळी ठेकेदाराचा फोन आलाच. "ताई, तुम्ही सांगितलं का त्यांना?" मी नाही म्हणाले. त्याचा विश्वास बसला की नाही, कोण जाणे. चार दिवसांनी त्याने नवी पॉलिसी काढली, माझ्याकडून नाही, दुसऱ्या एजंटाकडून. मधल्या तेरा दिवसांत त्याची माणसं रोज कामावर होती. कुणी पडलं नाही, कुणाचा हात यंत्रात गेला नाही.

ठेका देणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे: फाइलमधल्या झेरॉक्सवर जाऊ नका आणि एजंटाला फोनही करू नका. ठेकेदाराकडून आजच्या तारखेचं, विमा कंपनीच्या सहीशिक्क्याचं पत्र मागा, आणि दर महिन्याच्या बिलासोबत मागा.