शेजारच्या आसनाचे भाडे

विमानात बसल्यावर शेजारच्या प्रवाशाला “आपण तिकीट केवढ्याला घेतलेत?” असे कधी विचारू नये. मागे एकदा इंदूरहून मुंबईस जाताना हा प्रमाद माझ्या हातून घडला. शेजारचे गृहस्थ माझ्या भाड्याच्या निम्म्याहून कमी रकमेत आले होते. विमान तेच, आसन तसलेच, खिडकी मात्र त्यांच्या वाट्याला आलेली! उरलेला सारा प्रवास मी ढगांऐवजी त्या गृहस्थांच्या मुखावरचे समाधान पाहण्यात घालविला. घरी आल्यावर हा भाव ठरतो तरी कसा, याचा शोध घेऊ लागलो आणि वाचता वाचता थेट अमेरिकेत जाऊन पोहोचलो. कारण या विद्येची वाढ मुख्यत्वे तेथे झाली.

१९७८ पूर्वी अमेरिकेत देशांतर्गत विमानाचे भाडे सरकारी मंडळाच्या संमतीने ठरत असे. कोणती कंपनी कोठून कोठे जाईल हेही तेच मंडळ सांगे. १९७८ च्या कायद्याने ही बंधने उठू लागली आणि १९८४ च्या अखेरीस ते मंडळही विसर्जित झाले. लगोलग नव्या कंपन्या उभ्या राहिल्या. त्यांतील पीपल एक्स्प्रेस ही १९८१ मध्ये नेवार्कहून उडू लागली. तिचे भाडे इतके कमी की बसने जाणारे लोक विमानात बसू लागले. तिकिटाचे पैसे विमानातच द्यावयाचे आणि खाण्यापिण्याचे निराळे मोजावयाचे, असा तिचा साधा कारभार होता.

जुन्या अमेरिकन एअरलाइन्सपुढे आता पेच पडला. भाडे सरसकट उतरवावे तर दिवाळे वाजणार, न उतरवावे तर गिऱ्हाईक जाणार. तिचे प्रमुख रॉबर्ट क्रँडल यांच्या ध्यानात आले की आपली कितीतरी आसने नाही तरी रिकामीच उडत आहेत. विमानाने धावपट्टी सोडली की रिकाम्या आसनाची किंमत शून्य होते. मंडईतील भाजीवाली दिवस मावळताना भाव पाडते ती याच हिशेबाने. परंतु मौज अशी की विमान कंपनी नेमके उलटे करते. तिचा माल सकाळी स्वस्त असतो आणि दिवे लागण्याच्या सुमारास महाग होतो. कारण भाजीवालीकडे उशिरा येणारा मनुष्य काटकसरी असतो, तर विमानाकडे उशिरा येणारा अडलेला असतो.

या व्यवहाराचे गणित त्याआधीच, १९७२ मध्ये, ब्रिटनच्या बी. ओ. ए. सी. या कंपनीतील केन लिटलवुड यांनी मांडून ठेवले होते. ते घरगुती उदाहरणाने सांगतो. समजा, आज चार हजार रुपये देणारा गिऱ्हाईक दारात उभा आहे. तेच आसन राखून ठेवले तर शेवटच्या दिवशी त्याचे दहा हजार देणारा कोणी येईलही, न येईलही. तो येण्याचा संभव शंभरात चाळीसहून कमी असेल तर आज विकून मोकळे व्हावे. अधिक असेल तर आजच्या गिऱ्हाइकास परत पाठवावे. सारे मर्म एवढ्यातच आहे. पुढे गणकयंत्रे आली आणि हाच हिशेब प्रत्येक उड्डाणासाठी रोज पुनःपुन्हा होऊ लागला.

जानेवारी १९८५ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने काही आसनांचे भाडे एकदम फार खाली आणले. पण त्याला अटी घातल्या. तिकीट बरेच दिवस आधी घ्यावे आणि परतण्यापूर्वी शनिवारची रात्र तेथेच काढावी. ही दुसरी अट ऐकून कोणालाही हसू येईल. शनिवारच्या रात्रीचा विमानाशी संबंध काय? संबंध असा की कामासाठी गेलेला व्यापारी शुक्रवारी घर गाठू पाहतो. आप्तांकडे गेलेला पाहुणा रविवारपर्यंत खुशाल राहतो. एवढ्या एका अटीने श्रीमंत गिऱ्हाईक आणि हौशी गिऱ्हाईक आपोआप निराळे झाले. पीपल एक्स्प्रेसपाशी ही यंत्रविद्या नव्हती. दोन वर्षांच्या आत ती विकली जाऊन १९८७ मध्ये काँटिनेंटल कंपनीत विलीन झाली.

या गुंत्याला खुद्द क्रँडलही पुढे कंटाळले. एप्रिल १९९२ मध्ये त्यांनी सारी असंख्य भाडी रद्द करून चारच प्रकार ठेवले. प्रवाशांनी टाळ्या वाजविल्या. प्रतिस्पर्ध्यांनी मात्र त्या चार भाड्यांच्या खाली आपले भाडे लावले, नॉर्थवेस्टने मुलाबरोबर मोठे माणूस फुकट नेऊ केले, त्यावर अमेरिकनने निम्मे भाडे जाहीर केले. त्या उन्हाळ्यात विमाने खचाखच भरली आणि कंपन्या तोट्यात बुडाल्या. वर्ष संपण्यापूर्वीच तो साधेपणा गुंडाळला गेला. आपण स्वतःच साध्या भाड्याला पुरेशी दाद दिली नाही, हे आपणही कबूल केले पाहिजे. पन्नास रुपये कमी दिसले की आपण दुसरीकडे वळतो.

आज एकाच वर्गातील आसने अनेक कप्प्यांत विभागलेली असतात. प्रत्येक कप्प्याला एक अक्षर आणि एक भाडे. स्वस्त कप्पा संपला की पुढचा उघडतो. यातून एक व्यवहाराची गोष्ट निघते. चौघांसाठी एकदम विचारणा केलीत आणि स्वस्त कप्प्यात तीनच आसने उरली असली, तर पुष्कळदा यंत्र चौघांनाही पुढच्या, महागड्या कप्प्यात ढकलते. तेव्हा आधी एकासाठी विचारून पाहावे.

इथवर ठीक. पण हे गणित उशिरा येणाऱ्याला पैसेवाला समजते, तेथे ते चुकते. आमच्या एका स्नेह्यांचा मुलगा शिकागोस असतो. वडील अत्यवस्थ असल्याचा दूरध्वनी इंदूरहून गेला, त्या रात्री त्याला निघणे भाग होते. यंत्राच्या दृष्टीने तो आणि लाखोंचा सौदा करावयास निघालेला व्यापारी यांत काडीचा फरक नव्हता. त्याने भाडे दिले. ते फेडण्यास त्याला वर्ष लागले.

आपल्याकडे १९५३ च्या राष्ट्रीयीकरणानंतर भाडी ठरीव होती. तो कायदा १९९४ मध्ये रद्द झाला व पुढे भाडे ठरविणे कंपन्यांकडे गेले. तरीही सरकारने प्रसंगी हात घातला आहे. मे २०२० पासून ऑगस्ट २०२२ अखेरपर्यंत भाड्याला खालची व वरची मर्यादा होती. डिसेंबर २०२५ मध्ये उड्डाणे मोठ्या संख्येने रद्द होऊन भाडी भडकली, तेव्हा अंतराप्रमाणे साडेसात हजारांपासून अठरा हजारांपर्यंत कमाल भाडे तात्पुरते बांधून दिले गेले. म्हणजे गणिताला आवर घालता येतो, हे सिद्ध आहे.

आता नेहमीच्या प्रवाशांची कथा. मे १९८१ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने जितके मैल उडाल तितके मैल खात्यावर जमा करण्याची योजना काढली. मैल साठले की फुकट तिकीट. लोक एकाच कंपनीला चिकटून राहू लागले. परंतु या नाण्याची टांकसाळ कंपनीची आणि त्याचा भावही तीच ठरविणार. २०१५ मध्ये डेल्टा व युनायटेड यांनी अंतराऐवजी खर्चलेल्या पैशावर मैल देण्यास आरंभ केला, तर डेल्टाने किती मैलांना कोणते तिकीट मिळेल याचा तक्ताही काढून टाकला. वर्षानुवर्षे साठविणाऱ्याने जाब विचारावा कोणाला? या मैलांचे मोल केवढे, तर २०२१ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने आपली ही योजना तारण ठेवून दहा अब्ज डॉलर उभे केले.

मिनेसोटातील एका रब्बीने, म्हणजे यहुदी धर्मगुरूने, जाब विचारलाही. नॉर्थवेस्टच्या योजनेत ते सर्वांत वरच्या श्रेणीस पोहोचले होते. २००८ मध्ये कंपनीने त्यांचे सदस्यत्व काढून घेतले. कारण, तिच्या म्हणण्याप्रमाणे, ते सामानाच्या विलंबासारख्या तक्रारी फार करीत. नियमावलीत लिहिलेच होते की कंपनीच्या मताने गैरवापर झाला तर सदस्यत्व जाईल. कंपनीने सचोटीने वागावयास हवे होते, असे म्हणून ते न्यायालयात गेले. एप्रिल २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्याविरुद्ध एकमताने निकाल दिला. आधार कोणता? तोच १९७८ चा कायदा. भाडी मुक्त करताना त्यात असे कलम होते की विमानाचे भाडे व सेवा यांबाबत कोणत्याही राज्याने आपला निराळा नियम लावू नये. आणि सचोटीचा हा दंडक राज्याच्या कायद्यातला ठरला. असंतुष्ट प्रवाशाने अशा कंपनीची योजना टाळावी, असेही न्यायालयाने सुचविले. तोवर नॉर्थवेस्ट डेल्टात विलीन होऊन तिचे नावही आकाशातून गेले होते.